दवाखाना गाठल्यानंतरचा प्रश्न

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या म्हटले जाते. या म्हणण्यात कौतुकापेक्षा भीतीचा अंश अधिक होता. दिवस भरलेली लेक माहेरी यायची, वेणा सुरू झाल्या की सुईणीला बोलावणे जायचे आणि पुढचे सारे दैवावर सोडलेले असायचे. आज चित्र पालटले आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरापैकी सुमारे ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ९४.७ वर गेला. देशात तर याच काळात हे प्रमाण ३८.७ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर पोचले. २००५ मध्ये सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, त्याच वर्षीचे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आणि २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत झालेले बाळंतपण या साऱ्यांचा त्यात वाटा आहे.

बाई दवाखान्यापर्यंत आली, ही मोठीच मजल. पण दवाखान्याच्या दारात पाय ठेवल्याने कुणाचा जीव वाचत नाही. तो वाचतो आत जे घडते त्याने. गेल्या दोन दशकांत जगभर झालेल्या अभ्यासांचा रोख हळूहळू याच प्रश्नाकडे वळला आहे, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी तर आता हाच मुख्य प्रश्न आहे.

आधी मोजमापाविषयी थोडे. दर एक लाख जिवंत जन्मांमागे गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत, गरोदरपणाशी निगडित कारणाने किती स्त्रिया दगावल्या, यावरून माता मृत्यू प्रमाण ठरते. हे ४२ दिवस आपल्या घरांतील ‘सव्वा महिन्या’च्या अगदी जवळचे आहेत. बाळंतिणीला सव्वा महिना जपायचे, हे शहाणपण शास्त्राच्या व्याख्येआधीपासून आपल्याकडे होते. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००१-०३ मध्ये देशाचे माता मृत्यू प्रमाण ३०१ आणि महाराष्ट्राचे १४९ होते. २०१८-२० मध्ये ते अनुक्रमे ९७ आणि ३३ झाले. याच काळात केरळ १९ वर होते, तर आसाम १९५ वर. एकाच देशातील दोन राज्यांत दहापट अंतर असावे, याचा अर्थ स्पष्ट आहे. हे मृत्यू टाळता येतात. कुठे टाळले जातात, कुठे नाही.

ते का टळत नाहीत, याची एक सुटसुटीत मांडणी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये केली. तीन विलंब स्त्रीचा जीव घेतात, असे त्यांनी म्हटले. दवाखान्यात जायचे की नाही हे ठरवण्यातला विलंब पहिला, तिथवर पोचण्यातला दुसरा आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला तिसरा. आपल्याकडची बहुतेक सरकारी शक्ती आजवर पहिल्या दोन विलंबांवर खर्च झाली, आणि ते योग्यच होते. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही गर्भवतीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या येतात. नर्मदाकाठच्या गावांसाठी तर तरंगता दवाखाना चालवावा लागतो. मेळघाटातील धारणीहून अमरावतीचे जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर, आणि वाट घाटाची. अशा भागांत बाळंतपणाच्या काही दिवस आधीच स्त्रीने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे, यासाठी ‘माहेरघर’ची सोय करण्यात आली. या नावातच योजनेचे मर्म आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही राज्यभर धावू लागली. दुसरा विलंब संपलेला नाही, पण त्याचा भूगोल आता आक्रसला आहे. तिसरा विलंब मात्र सर्वदूर आहे. तो धडगावात आहे, तसाच मोठ्या शहरातही.

केवळ दवाखान्यात बाळंतपण झाल्याने मृत्यू कमी होत नाहीत, याचा धडा उत्तर प्रदेशात मिळाला. तेथील २४ जिल्ह्यांतील १२० सरकारी आरोग्य केंद्रांत सुमारे दीड लाख बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांतील परिचारिकांना सुरक्षित प्रसूतीची २८ मुद्द्यांची यादी दिली गेली, ती वापरण्यासाठी महिनोन् महिने प्रत्यक्ष जागेवर येऊन मार्गदर्शन केले गेले. हात धुणे, रक्तदाब घेणे, बाळाचे तापमान पाहणे या गोष्टी तिथे निश्चित सुधारल्या. पण माता आणि बाळांचे मृत्यू मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. यादीने सवयी बदलल्या. परंतु रक्ताची बाटली, शस्त्रक्रियेची सोय, अनुभवी हात आणि पुढच्या रुग्णालयाशी सांधा यादीतून निर्माण होत नाही. चांगली वैद्यकीय सेवा ही एखाद्या एकट्या वस्तूची नव्हे, तर साखळीची गोष्ट असते.

मापाचे कापड

या साखळीतील सर्वात नाजूक कडी म्हणजे बाळ जन्मल्यानंतरचा पहिला तास. गरोदरपणाच्या शेवटी गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त वाहत असते. बाळ बाहेर आले, वार सुटली की जिथे वार चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. निसर्गाने त्यावर योजलेला उपाय विलक्षण आहे. गर्भाशयाचे स्नायुतंतू एकमेकांत जाळ्यासारखे विणलेले असतात आणि त्या जाळ्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. गर्भाशय आकसले की हे तंतू जणू गाठ मारल्यासारखे रक्तवाहिन्या आवळून टाकतात. गर्भाशय आकसले नाही, सैल राहिले, तर नळ उघडाच राहतो. उपचार न मिळाल्यास अशी स्त्री दोन तासांतही दगावू शकते. आणि कोणत्या स्त्रीला हे होईल, हे आधी सांगता येत नाही. ज्यांना असा रक्तस्राव होतो, त्यांतील अनेकींच्या बाबतीत धोक्याची कोणतीही पूर्वखूण नसते. म्हणून ‘जोखमीच्या’ बायकांना निवडून बाकीच्यांविषयी निर्धास्त राहणे, हे जुने धोरण इथे फसते.

पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले की तो प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, अशी रूढ व्याख्या आहे. पण ते मोजणार कसे? चादरीवर, जमिनीवर, कापसाच्या बोळ्यांत सांडलेले रक्त डोळ्यांनी अजमावण्याचीच सर्वत्र रीत होती, आणि बहुतेक ठिकाणी अद्याप आहे. या प्रश्नाचे एक साधे उत्तर बेळगावात तयार झाले. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह प्लॅस्टिकचे एक कापड घडवले. ते बाळंतिणीच्या खाली अंथरायचे. त्याच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मापाच्या खुणा. ‘नजरेचा अंदाज’ या कापडाशी ताडून पाहिला, तेव्हा तो सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. म्हणजे तीनशे मिलिलिटर रक्त गेले असताना उपस्थितांना दोनशेच गेले, असे वाटत होते. इथे हलगर्जीपणाचा प्रश्न नाही. मानवी डोळा रक्त मोजण्यासाठी घडलेला नाही, एवढेच.

याच बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत आणखी एक महत्त्वाचा प्रयोग झाला. गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन हे औषध इंजेक्शनने द्यावे लागते आणि ते थंडाव्यात जपावे लागते. वीज जाणाऱ्या उपकेंद्रात हे कठीण. मिसोप्रोस्टॉल ही गोळी मात्र साध्या तापमानात टिकते. आरोग्यसेविकांनी घरी किंवा उपकेंद्रात केलेल्या १,६२० बाळंतपणांत निम्म्या स्त्रियांना ही गोळी आणि निम्म्यांना औषधविरहित गोळी दिली गेली. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाने नव्हे, तर खेड्यातील आरोग्यसेविकेने हे साधले, हा या प्रयोगाचा खरा अर्थ. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कारणासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

पुढचा टप्पा आफ्रिकेत गाठला गेला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांमध्ये, अशाच मापखुणांच्या कापडाचा वापर झाला आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर झाले. कापडासोबत एक शिस्त होती. तीनशेच्या खुणेला सावध व्हायचे, पाचशेला हालचाल करायची, आणि ती हालचाल एकामागून एक नव्हे तर एकदम: गर्भाशय चोळणे, ते आकसवणारे औषध, ट्रॅनेक्झामिक आम्ल, शिरेतून सलाईन, आणि रक्त कुठून येते आहे याची तपासणी. पूर्वीची पद्धत अशी की एक उपाय करून पाहायचा, थांबायचे, मग दुसरा. त्या थांबण्यात वेळ जाई. नव्या पद्धतीने गंभीर रक्तस्राव, त्यापायी कराव्या लागणाऱ्या पोटाच्या शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या जवळजवळ निम्म्या घटना लक्षातच येत नव्हत्या. कापड वापरल्यावर ९३ टक्के घटना ओळखल्या गेल्या.

ट्रॅनेक्झामिक आम्लाची कथा येथे सांगण्यासारखी आहे. जपानमधील उताको ओकामोतो या संशोधिकेने आपल्या पतीसह १९६०च्या दशकात हे औषध शोधले. बाळंतिणींचा रक्तस्राव थांबावा हाच त्यांचा ध्यास होता. पण प्रसूतितज्ज्ञांना त्याची चाचणी घेण्यास त्या राजी करू शकल्या नाहीत. २१ देशांतील वीस हजार स्त्रियांवर चाचणी होऊन, तीन तासांच्या आत दिल्यास या औषधाने रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात हे सिद्ध झाले, ते २०१७ मध्ये. उताकोबाई त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तल्या होत्या.

ऑक्सिटोसिनविषयी मात्र एक इशारा दिला पाहिजे. जे औषध बाळ जन्मल्यानंतर जीव वाचवते, तेच बाळ पोटात असताना, ‘कळा वाढवायच्या’ म्हणून कुणी बेहिशेब टोचले तर गर्भाशय फाटू शकते, बाळाचा प्राणवायू तुटू शकतो. थेंबाथेंबाने, शिरेवाटे आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून ते देण्याची रीत वेगळी आणि घरी येऊन सुई मारून जाणाऱ्याची रीत वेगळी. गोठ्यांत म्हशीला पान्हा फुटावा म्हणूनही या औषधाचा गैरवापर झाला आहे. तो रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्याचे उत्पादन एकाच सरकारी कंपनीपुरते मर्यादित करण्याचा आदेश काढला. तेव्हा बाळंतिणींनाच औषध कमी पडेल, असा आक्षेप आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. गोठ्यातील रोगावर प्रसूतिगृहात औषध शोधण्याचा हा प्रकार होता.

रक्तस्रावाखालोखाल भीती असते ती वाढत्या रक्तदाबाची. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज आणि मग अचानक झटके, हा क्रम जुन्या सुईणींनाही ठाऊक होता. त्याला ‘बाहेरचे’ समजून मांत्रिक बोलावले जात. मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध झटके येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक कमी करते, हे २००२ मध्ये ३३ देशांतील दहा हजार स्त्रियांच्या अभ्यासाने दाखवून दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची पहिली मात्रा देऊन मगच स्त्रीला पुढे पाठवावे, असे भारतातही सांगितले जाते. अट एकच: प्रत्येक तपासणीत रक्तदाब खरोखर घेतला गेला पाहिजे. तपासणी कार्डावर साऱ्याजणींचा रक्तदाब एकसारखाच लिहिलेला आढळला, तर तिथे यंत्र चालते की लेखणी, याचा विचार करावा.

जंतुसंसर्गाबद्दल फार बोलण्याची गरज नसावी. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने खाली आणले होते. पावणेदोनशे वर्षे उलटली, तरी प्रसूतिकक्षातील नळाला पाणी आहे का, हा प्रश्न अनेक ठिकाणी विचारावाच लागतो.

पंडुरोगाचे मात्र तसे नाही. तो रोग आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे, की रोग वाटेनासा झाला. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के होते. सशक्त बाई जेवढा रक्तस्राव सोसून जाते, तेवढ्यातच रक्त कमी असलेली बाई कोसळते. लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, पण त्याच पाहणीनुसार त्या सहा महिने घेणाऱ्या स्त्रिया जेमतेम २६ टक्के. मळमळते, शौचाला काळे होते, बाळ काळे होईल, अशी कारणे सांगितली जातात. ‘गोळी घेतलीस का?’ एवढेच विचारून हे सुटत नाही. शौचाचा रंग बदलणे निरुपद्रवी आहे, बाळाच्या रंगाशी गोळीचा संबंध नाही, ती रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते आणि चहासोबत घेतली तर वाया जाते, हे बसून सांगावे लागते. हे सांगणे हाही वैद्यकीय उपचारच आहे. बाळंतपण तोंडावर आलेले असताना रक्त फारच कमी असेल, तर शिरेतून लोह किंवा प्रत्यक्ष रक्त द्यावे लागते. मग रक्तपेढी किती अंतरावर आहे, ही गोष्ट जीवनमरणाची ठरते.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत तर आपल्याकडे टंचाई आणि सुकाळ शेजारी शेजारी नांदतात. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणे पोट फाडून होत होती, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. एकीकडे मुहूर्त पाहून शस्त्रक्रिया ठरते आणि दुसरीकडे बाळ आडवे आले असताना ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसतो. अनावश्यक शस्त्रक्रियेची किंमत पुढच्या गरोदरपणात चुकवावी लागते. वार जुन्या टाक्यांवर चिकटण्याचा, ती न सुटण्याचा धोका प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वाढतो.

पाचवीची रात्र

बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सटवाई बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते, ही श्रद्धा मराठी घरांत खोलवर आहे. तिच्या मुळाशी अनुभव असावा. महिन्याच्या आत जी बाळे दगावतात, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन वैद्यकीय मदतीअभावी गेले आणि त्या चौदा वर्षांच्या आईने डॉक्टर होण्याचा निश्चय केला. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. त्यानंतर शंभर वर्षांनीही गडचिरोलीत बाळे तशीच मरत होती.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे जे केले, ते जगाने उचलले. नवजात बाळाची काळजी म्हणजे काचेची पेटी आणि बालरोगतज्ज्ञ, असे समीकरण होते. ३९ गावांत संस्थेने गावातीलच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, बाळ रडले नाही तर श्वास देणे, वजन करणे, ऊब राखणे, स्तनपानाला मदत करणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हे सारे त्या घरी जाऊन करत. १९९३-९५ मध्ये तिथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती. १९९७-९८ पर्यंत ती संख्या २५.५ वर आली. शेजारच्या ४७ गावांत, जिथे हा प्रयोग नव्हता, तिथे अशी घट झाली नाही. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. शिक्षण कमी असलेल्या स्त्रीच्या हाती सुई द्यावी का, यावर तेव्हा वाद झाले. आकड्यांनी तो वाद बराचसा मिटवला. २०११ मध्ये देशभरच्या आशांवर घरोघरी जाऊन नवजात बाळाच्या काळजीचे काम सोपवण्यात आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने जायचे असते.

गडचिरोलीचा धडा ‘दवाखाना नको’ असा नव्हे. बाळे घरी जन्मत होती, म्हणून सेवा घरी नेली गेली. आता ती दवाखान्यात जन्मतात, तर तीच दक्षता दवाखान्यात दिसायला हवी. ती किती दिसते, हे सांगणारा एक आकडा आहे. जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे देशात २०१९-२१ मध्ये ४१.८ टक्के होती. २०१५-१६ च्या पाहणीतही हे प्रमाण जवळपास एवढेच होते. दरम्यान दवाखान्यातील बाळंतपणे ७९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळांना, ती डॉक्टर-परिचारिकांच्या समोर जन्मूनही, पहिल्या तासात अंगावर घेतले गेले नाही. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. पहिला पिवळसर चीक काढून टाकायचा आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवायचे, ही घरची रीत जेवढी याला कारण आहे, तेवढीच बाळाला आईपासून दूर नेऊन ठेवण्याची दवाखान्याची रीतही.

कमी वजनाच्या बाळांचे तर त्वचेला त्वचा लावून धरण्याने प्राण वाचतात. कोलंबियातील बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी बांधण्यास सुरुवात केली. पूर्वी बाळ स्थिरस्थावर झाल्यावरच हे करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारत आणि आफ्रिकेतील पाच रुग्णालयांनी, त्यांत दिल्लीचे सफदरजंग होते, जन्मल्याबरोबरच, बाळ अस्थिर असतानाही ते सुरू केले. पहिल्या महिन्यातील मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटले. त्यासाठी रुग्णालयाला मांडणी बदलावी लागली: बाळाच्या अतिदक्षता विभागातच आईची खाट. एरवी ‘नातेवाइकांनी बाहेर थांबावे’ या पाटीपलीकडे आईलाही प्रवेश नसतो.

ही पाटी आणि तिच्यामागची वृत्ती हा चांगल्या सेवेतला सर्वात दुर्लक्षित भाग म्हणावा लागेल. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, चापट मारणे, पोट दाबणे, आडोसा न ठेवणे हे प्रकार इतके सर्रास आहेत, की त्यांची तक्रारही होत नाही. त्याचा परिणाम गावात उमटतो. पहिल्या बाळंतपणात अपमान झालेली बाई दुसऱ्या वेळी उशिरा येते, म्हणजे तिसऱ्या विलंबातून पुन्हा पहिला विलंब जन्मतो. प्रसूतिकक्षात आई, सासू, बहीण अशी एखादी सोबतीण ठेवू द्यावी, असे केंद्राने २०१६ मध्ये सुचवले. पुढच्या वर्षीच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक वागणूक हा दर्जाचा निकष ठरला. पण रात्रपाळीला एकच परिचारिका तीन बाळंतिणी आणि तितकीच बाळे पाहत असेल, तर तिच्याकडून मृदू बोलण्याची अपेक्षा करताना शासनाने रिक्त पदांचा तक्ताही समोर ठेवावा.

केरळने आणखी एक वाट चोखाळली. तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून प्रत्येक माता मृत्यूची गोपनीय छाननी सुरू केली. स्त्रीचे, डॉक्टरचे, रुग्णालयाचे नाव काढून टाकायचे आणि कागदपत्रे तज्ज्ञांनी वाचायची. चूक कुणाची, हे न शोधता नेमक्या कोणत्या क्षणी काय करता आले असते, हे शोधायचे. ब्रिटनमध्ये अशी छाननी १९५२ पासून चालत आली आहे. केरळच्या अहवालांतून रक्तस्राव हे प्रमुख कारण म्हणून पुढे आले, तेव्हा त्यावरील उपचारांचे दर्जानियम ठरवून ते राज्यातील रुग्णालयांना लागू करण्याचे काम हाती घेतले गेले. २००१-०३ मध्ये ११० असलेले तेथील माता मृत्यू प्रमाण १९ पर्यंत उतरले, त्याला इतरही अनेक कारणे आहेत. शिक्षण आहे, रस्ते आहेत. पण मरण पावलेल्या बाईचे कागद पुन्हा उघडून वाचण्याची सवय हे त्यांतील एक आहे.

देशभरासाठीही २०१० पासून माता मृत्यू अन्वेषणाची पद्धत आखून दिलेली आहे, आणि २०१७ मध्ये ती सुधारली गेली. गावात प्रजननक्षम वयातील स्त्रीचा मृत्यू झाला, तर आशाने चोवीस तासांत कळवायचे, घरी जाऊन कहाणी नोंदवायची, रुग्णालयाने आपली नोंद द्यायची. जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या बैठकीत मृत स्त्रीच्या नातेवाइकांनाही बोलावायचे असते. तिला कोणत्या वेळी, कोणत्या वाहनाने, किती दवाखान्यांतून फिरावे लागले, हे आरोग्य अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचे. जिथे ही बैठक कागदावर उरकली जात नाही, तिथे रक्तपेढीचे रात्रीचे कुलूप, बंद पडलेला फ्रीज आणि सुटीवर गेलेला भूलतज्ज्ञ यांची नोंद पहिल्यांदाच इतिवृत्तात येते.